परमुलखांतलें लेंकरूं आणि नवे आईबाप

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सव समितीनें मला ख्रिस्ती कुटुंब ह्या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितलें आहे. विषय इतका विस्तीर्ण आहे कीं, त्याचें एखादें टोंक हातांत धरल्यावांचून निभाव लागावयाचा नाहीं. म्हणून आज मी एकाच प्रकारच्या कुटुंबाविषयीं बोलणार आहें. ज्या घरीं मूल दुसऱ्या देशांतून येतें, आणि जेथील स्त्रीपुरुषांचें आईबाप होणें सूतिकागृहांत न घडतां एखाद्या बालगृहाच्या बैठकीच्या खोलींत घडतें, तें हें कुटुंब. गेल्या वर्षभरांत आपल्याच धर्मग्रामांतील दोन जोडपीं ह्या कामीं मला भेटून गेलीं. त्यांतलें एक परदेशांत स्थायिक आहे. त्यांच्याशीं बोलतांना मला एक जुनें देणें आठवलें. तें आज आपल्या सर्वांसमक्ष फेडावें असा माझा विचार आहे.

सन २००५ सालीं मी रोम येथें धर्मसभेच्या कायद्याचा अभ्यास करीत होतों. उन्हाळ्याच्या सुटींत आम्हां परदेशी धर्मगुरूंस तेथें खेडोपाडीं पाठवितात. त्यामुळें गांवच्या वृद्ध धर्मगुरूंस विश्रांति मिळते आणि आमच्याहि जेवणाखर्चाची सोय लागते. मी उत्तर इटलींत डोंगराच्या पायथ्याशीं वसलेल्या एका गांवीं गेलों. पहिल्याच रविवारीं मिस्सा आटोपून मी वस्त्रें उतरवीत होतों, तोंच एक गृहस्थ आंत आला. तो बसगाडी हांकण्याचें काम करी. "आपण हिंदुस्थानचे ना?" असें विचारून त्यानें खिशांतून घडी घातलेला एक कागद काढला. दोन महिन्यांपूर्वींच त्यानें व त्याच्या पत्नीनें हिंदुस्थानांतून सहा वर्षांची एक मुलगी घरीं आणली होती, आणि तिची भाषा त्या उभयतांस मुळींच कळत नव्हती. हिंदुस्थानांत एकच भाषा बोलतात अशी बिचाऱ्याची समजूत होती! पण कागदावर जिल्ह्याचें नांव वाचलें तों तें आपल्या महाराष्ट्रांतलें निघालें. मला झालेला आनंद काय सांगूं? परमुलखांत आपली बोली कानीं पडणार, आणि शिवाय उपयोगी पडण्याचा मान मिळणार! त्या आनंदांत थोडा अहंकारहि मिसळलेला होता, हें आतां कबूल करतों.

त्याच दुपारीं त्यांच्या घरीं गेलों. ताटांत मक्याच्या पिठाची पोलेंटा होती. ती आपल्या घट्ट पिठल्यासारखी दिसते, पण चवीस अगदींच निराळी लागते. मुलगी टेबलाच्या टोंकाशीं बसून नुसता पाव खात होती. आईनें मला हलक्या आवाजांत सांगितलें कीं, ती रोज पावाचा एक तुकडा उशीखालीं लपविते आणि कधींच रडत नाहीं. न रडण्याचीच त्या माउलीस अधिक धास्ती होती. मग जरा खुलून ती म्हणाली, "पण तिनें मला एक लाडकें नांव ठेविलें आहे. ती मला 'ताई' म्हणते. त्याचा अर्थ काय?"

माझा घांस तोंडांतच राहिला. ज्यांनीं आपल्याकडील बालगृहें पाहिलीं आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, तेथें मुलांचें न्हाणेंधुणें करणाऱ्या पगारी बायांस मुलें ताई किंवा मावशी म्हणतात. मी म्हटलें, "हा आदराचा आणि मायेचा शब्द आहे." हें खोटें नव्हतें, पण सगळें खरेंहि नव्हतें. मग मी मुलीकडे वळलों आणि विचारलें, "बाळ, जेवलीस का?" दोन महिन्यांनंतर ती मराठी ऐकत होती. बराच वेळ ती टक लावून पाहत राहिली. मग एकदम म्हणाली, "ह्या ताईची सुट्टी कधीं असते?"

"कां गं?"

"आमच्याकडे रात्रीची ताई सकाळीं जायची. ही जातच नाहीं. हिला कुणी बदली देत नाहीं का?"

आई उत्सुकतेनें विचारूं लागली, काय म्हणाली, काय म्हणाली? मी सांगितलें, "आपणांस विश्रांति मिळते कीं नाहीं, ह्याची तिला काळजी वाटते." त्या बाईचे डोळे भरून आले आणि तिनें मला आणखी एक वाढ घातली. ती कशीबशी संपवून मी निघालों.

तीन रात्री मला नीट झोंप आली नाहीं. बुधवारीं पुन्हा गेलों आणि जें खरें तें त्या बाईस सांगून टाकलें. ती बटाटे सोलीत होती. तिनें हात थांबविला नाहीं. थोड्या वेळानें म्हणाली, "मी बदली मागणार नाहीं, असें तिला तिच्या भाषेंत सांगा." मी सांगितलें. मुलीनें तें नीट ऐकून घेतलें आणि विचारलें, "रविवारीं पण?"

नव्या आईबापांविषयींच्या पुस्तकांतून मी पुढें जें कांहीं वाचलें, तें सारें ह्या एका प्रश्नांत आलेलें आहे असें मला वाटतें. पोटचें मूल आईस ओळखूनच जन्मतें. गर्भांतल्या अखेरच्या महिन्यांत तिचा आवाज त्याच्या कानीं पडत असतो. दत्तक आलेलें मोठें मूल मात्र अनेकांच्या हातांतून आलेलें असतें, आणि प्रत्येक हात केव्हां तरी सुटलेला असतो. तेव्हां हाहि हात सुटेल ह्या हिशेबानें तें वागतें. त्यास कोणी कृतघ्नता म्हणूं नये. त्या घरच्या बापानें एक गोष्ट फार शहाणपणाची केली. उशीखालचे वाळलेले तुकडे टाकून देऊन रागें भरण्याऐवजीं त्यानें तिच्या बिछान्याशेजारीं पत्र्याचा एक डबा ठेविला आणि रोज रात्रीं तिच्या देखत त्यांत ताजा पाव घालण्याचा नेम धरिला.

आतां माझें देणें. उन्हाळा संपतांना त्या दांपत्यानें मला विचारलें कीं, मुलीची भाषा टिकवावी काय? मराठी गाणीं मिळवावीं, जवळच्या शहरांत कोणी मराठी विद्यार्थी असल्यास आठवड्यांतून एकदां बोलवावा, असा त्यांचा बेत होता. मी मोठ्या गंभीरपणें उत्तर दिलें, "मागचें विसरूं द्या. दोन दगडांवर पाय ठेवून मूल उभें राहत नाहीं." मी धर्मगुरु आणि शिवाय तिच्याच मुलखांतला, म्हणून त्यांनीं माझें ऐकलें. बालगृहांतून तिच्याबरोबर आलेला झगा आणि तेथील मुलांचा फोटो माळ्यावर गेला.

पुढच्या उन्हाळ्यांत मी मुद्दाम त्याच गांवीं गेलों. मुलगी आईस मम्मा म्हणत होती, भांडत होती, रडतहि होती. मी मोठ्या प्रेमानें म्हटलें, "बाळ, ओळखलेंस का?" ती किंचाळली आणि बापाच्या पायांमागें लपली. मला वाईट वाटलें. तिला काय वाटलें असेल हें समजण्यास मला बरीच वर्षें लागलीं. तिच्या कानांस मराठी म्हणजे नेणाऱ्यांची भाषा झाली होती. तिची मराठी जपली गेली असती, तिच्या घरांत त्या भाषेंत कोणी गाणें म्हटलें असतें, तर एका मराठी पाद्र्याला पाहून तिनें असा थरकांप घेतला नसता.

पवित्र शास्त्रांत मोशेची कथा आपण लहानपणापासून ऐकतों. पण तीहि एका देशाच्या लेंकरास दुसऱ्या देशाच्या स्त्रीनें घेतल्याची कथा आहे, हें सहसा कोणी सांगत नाहीं. फारोच्या कन्येनें त्यास नांव दिलें, पुत्र मानिलें. परंतु त्यास दूध पाजण्यास त्याचीच जन्मदात्री दाई म्हणून लाभली. आजच्या लेंकरांच्या वांट्यास अशी दाई क्वचितच येते. दत्तक ह्या शब्दाचा अर्थच मुळीं दिलेला. आपण घेणाऱ्यांचे पेढे खातों आणि देणारीचें नांव काढीत नाहीं.

ह्या देण्याघेण्यांत पाप किती शिरलें, हेंहि सांगणें भाग आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि विशेषतः कोरियांतील युद्धानंतर, परदेशीं मुलें घेण्याची प्रथा वाढली. पुढें आपल्या देशांतूनहि मुलें जाऊं लागलीं. त्यांत कांहीं ठिकाणीं दलाल शिरले. १९८२ सालीं लक्ष्मीकांत पांडे नांवाच्या वकिलानें सर्वोच्च न्यायालयास ह्या गैरप्रकारांविषयीं पत्र लिहिलें. त्या पत्राचीच याचिका झाली, आणि १९८४ सालीं न्यायमूर्ति भगवती ह्यांनीं त्यावर निकाल देऊन बंधनें घातलीं. मूल प्रथम आपल्या देशांत वाढावें. येथें घर न मिळाल्यासच तें बाहेर जावें, हें त्यांतील मुख्य तत्त्व. २९ मे १९९३ रोजीं हेग येथें झालेल्या आंतरराष्ट्रीय करारांतहि तेंच तत्त्व आहे. आपल्या देशानें तो करार २००३ सालीं मान्य केला. तथापि कागद खोटे असले तर करार काय करणार? दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगानें २०२५ सालीं उघड केलें कीं, तेथून पूर्वीं परदेशीं पाठविलेल्या कित्येक मुलांच्या नोंदी बनावट होत्या, आईबाप हयात असतांना मुलें अनाथ म्हणून दाखविलीं होतीं. चीननें २०२४ सालीं परदेशीं मुलें देणें, नातलगांचा अपवाद सोडून, बंदच केलें. म्हणून जीं जोडपीं माझ्याकडे येऊन "फादर, कुणी ओळखीचें आहे का, लवकर होईल असें?" म्हणून विचारतात, त्यांस मी स्पष्ट सांगतों कीं, ओळखीनें मूल मिळत नसतें, आणि मिळालें तर त्या मुलामागें कोणा तरी आईचा आक्रोश असण्याचा संभव आहे. कायदा मूल स्वाधीन करणाऱ्या आईबापांस फेरविचारासाठीं साठ दिवस देतो. त्या साठ दिवसांची घाई कोणीं करूं नये.

आपणां ख्रिस्ती लोकांची ह्या बाबतींत एक जुनी तक्रार होती, ती वृद्ध मंडळींस आठवत असेल. १९५६ चा दत्तक कायदा आपणांस लागू नव्हता. मूल घरीं आणलें तरी १८९० च्या कायद्याप्रमाणें आपण केवळ त्याचे पालक. मूल सज्ञान झालें कीं नातें कायद्यापुरतें संपलें. पाळलेल्या मुलीस वाडींतला एक माड मिळूं नये म्हणून चुलत्यांनीं कोर्टाची पायरी चढल्याचें मीं पाहिलें आहे. २००० सालच्या बालन्याय कायद्यानें, आणि विशेषतः त्यांतील २००६ च्या दुरुस्तीनें, ही अडचण दूर झाली. आज २०१५ चा कायदा चालूं आहे, आणि १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा हुकूम न्यायालयाऐवजीं जिल्हाधिकारी देतात. धर्मसभेचा कायदा तर स्पष्टच आहे: देशाच्या कायद्यानें जें मूल ज्यांचें झालें, तें धर्मसभेच्या दृष्टीनेंहि त्यांचेंच. बाप्तिस्म्याच्या पुस्तकांत दत्तक आईबापांचीं नांवें आईबाप म्हणूनच लिहितात. तेव्हां वेदीपुढें उभ्या राहिलेल्या दांपत्यामागच्या बांकावरून "खरे आईबाप कोण?" अशी कुजबुज मला पुन्हा ऐकूं येऊं नये. मागच्या वर्षीं आली होती. कोणाची, तें मला ठाऊक आहे.

ती मुलगी २०२३ सालीं इकडे आली. आईबाप बरोबर होते. आपल्यापैकीं पुष्कळांनीं त्या तिघांस मिस्सेस पाहिलें. वय चोवीस. सज्ञान झाल्यावर आपल्या मुळाचा शोध घेण्याची मुभा कायदा देतो, मात्र जन्मदात्रीचें गुपित न मोडतां. त्याप्रमाणें ती त्या जिल्ह्यांत जाऊन आली होती. फाइलींत एक तारीख, बसस्थानकाचें नांव, पोलिसांची नोंद, आणि परिचारिकेनें ठेविलेलें नांव, एवढेंच निघालें. माझ्या खोलींत बसून तिनें विचारलें, "त्या पहिल्या दिवशीं मी तुमच्याशीं काय बोललें?" मी सगळें सांगितलें. माळ्यावर गेलेल्या झग्याचेंहि सांगितलें, आणि क्षमा मागितली. ती बराच वेळ गप्प बसली. शेवटीं म्हणाली, "तो झगा आईनें त्याच वर्षीं खालीं काढला होता. तुम्हांस कळविलें नाहीं, इतकेंच." बाप हंसूं लागला. त्या घरीं आजहि आईनें सुट्टीवर जाण्याची गोष्ट काढली कीं बापलेकी एकदम ओरडतात, "ताई!"

तिला मराठीचा एक शब्द येत नाहीं. परंतु २०१७ सालीं नेदरलंडमधील संशोधकांनीं कोरियाहून लहानपणीं आणलेल्या प्रौढांवर प्रयोग केला, तेव्हां विसरलेल्या भाषेचे ध्वनि त्यांस इतरांहून लवकर उच्चारतां आले असें आढळलें. हें मी तिला सांगितलें. गेल्या नाताळापासून ती पत्रांत दोनचार शब्द देवनागरींत लिहूं लागली आहे. ऱ्हस्वदीर्घ चुकतें, तें आपलेंहि चुकतें.

वेळ झाली आहे, आणि बॅंडवाली मंडळी दाराशीं खोळंबली आहेत. ज्या दोन जोडप्यांचा आरंभीं उल्लेख केला, त्यांच्यासारखीं आणखी कोणी असल्यास सोमवारीं सायंकाळीं मिस्सेनंतर माझ्या कचेरींत यावें. विवाहाचा दाखला, वैद्यकीय दाखला, उत्पन्नाचा व राहत्या घराचा पुरावा, पॅनकार्ड आणि दोघांचा एकत्र फोटो बरोबर आणावा. लग्नास निदान दोन वर्षें झालेलीं असावीं. सबंध देशाची यादी एकच असून ती केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे असते. नोंद संगणकावरून करावी लागते, आणि त्या कामीं आपल्या युवकसंघाचा चिटणीस मदत करील. परदेशीं राहणाऱ्यांनीं तेथील अधिकृत संस्थेमार्फत अर्ज करावा. भारतीय नागरिक असल्यास त्यांस येथील रहिवाशांप्रमाणेंच क्रम मिळतो. वाट पाहणें वर्षांनुवर्षांचें आहे. तेवढ्या अवधींत, मूल दुसऱ्या प्रांतांतून येण्याचा संभव असल्यास, तिकडील एखादें अंगाईगीत पाठ करून ठेवावें.