पहिला फोन, पहिला रिपोर्ट

(न्यू जर्सीतल्या मराठी कामगारांच्या रविवारच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच, थोडं नीट करून लिहिलं आहे.)



आजचा विषय जड आहे. अमेरिकेत पोलिसांच्या हातून काळ्या लोकांचे जीव जातात, त्याविषयी बोलायचं आहे. मागच्या वेळी विषय ठरला तेव्हा एक-दोघं म्हणाले, "आपला काय संबंध? आपण बरं, आपलं काम बरं." प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

मी वकील नाही. डिप्लोमा करून साइटवर सुपरवायझर झालेला माणूस आहे. साइटवर अपघात झाला की आम्ही दोन गोष्टी आधी तपासतो. अपघातापूर्वी कोणी कोणाला काय सांगितलं, आणि अपघातानंतर कागदावर काय लिहिलं. आज पोलिसांच्या प्रकरणांतही मी हेच दोन धागे धरणार आहे. पहिला फोन आणि पहिला रिपोर्ट.

२५ मे २०२०, मिनियापोलिस. जॉर्ज फ्लॉइड, वय ४६. कधी ट्रक चालवलेला, क्लबच्या दारावर सिक्युरिटीचं काम केलेला माणूस. करोनात ते काम गेलं होतं. एका दुकानात त्याने सिगारेट घेतली आणि २० डॉलरची नोट दिली. काउंटरवरच्या पोराला नोट खोटी वाटली. पोरगा १९ वर्षांचा. त्याने कोर्टात काय साक्ष दिली ते ऐका. दुकानाचा नियम असा होता, की खोटी नोट घेतली तर ते पैसे घेणाऱ्याने भरायचे, नाहीतर पगारातून कापून द्यायचे. आधी त्याला वाटलं, जाऊ दे, आपल्या खात्यावर पडू दे. मग विचार बदलला आणि त्याने मॅनेजरला सांगितलं. फ्लॉइडला परत बोलवायला पोरं बाहेर गेली, तो आला नाही. शेवटी दुसऱ्या नोकराने पोलिसांना फोन केला.

तुमच्यातले किती जण गॅस स्टेशनवर, दुकानात, मोटेलच्या काउंटरवर उभे असता? गल्ला कमी भरला तर पगारातून कापण्याची धमकी किती जणांनी ऐकली आहे? लक्षात ठेवा, न्यू जर्सीत पगारातून काय कापता येतं त्याची यादी कायद्याने ठरलेली आहे आणि गल्ल्यातली तूट त्या यादीत नाही. पण ज्याला हे माहीत नसतं तो घाबरतो, आणि घाबरलेला माणूस लवकर फोन उचलतो. २० डॉलरची ती गोष्ट अशी पोलिसांपर्यंत गेली.

पुढचं सगळ्या जगाने पाहिलं. डेरेक शोविन नावाच्या पोलिसाने नऊ मिनिटांहून जास्त वेळ फ्लॉइडच्या मानेवर गुडघा ठेवला. हातात बेड्या, पोट रस्त्याला टेकलेलं, आणि श्वास घेता येत नाही असं तो पुन्हा पुन्हा सांगतोय. त्या रात्री पोलीस खात्याने जे पत्रक काढलं, त्याचा मथळा साधारण असा होता, की पोलिसांशी संबंध आलेला असताना वैद्यकीय घटनेनंतर एका माणसाचा मृत्यू. गुडघ्याचा उल्लेखच नाही. आपल्याकडे साइटवर माणूस पडतो आणि कागदावर 'चक्कर आली' एवढंच येतं, तसंच हे.

तो कागद खोटा पडला कारण फुटपाथवर उभ्या असलेल्या १७ वर्षांच्या एका मुलीने मोबाइलवर सगळं टिपलं होतं. एप्रिल २०२१ मध्ये शोविन खुनाचा दोषी ठरला आणि त्याला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. बरोबरच्या तिघांनाही शिक्षा झाली. त्या तिघांतला एक हमाँग समाजातला, म्हणजे आशियाई वंशाचा. त्याने फ्लॉइडला हात लावला नव्हता. लोक ओरडत होते, त्यांना तो मागे सारत होता. "आपण मध्ये पडत नाही" असं म्हणणाऱ्यांनी त्याची शिक्षा लक्षात ठेवावी.

दुसरं प्रकरण ४ एप्रिल २०१५ चं, साउथ कॅरोलिनातल्या नॉर्थ चार्ल्सटनचं. वॉल्टर स्कॉट, वय ५०. गाडीचा ब्रेक लाइट बंद म्हणून अडवला. तो पळाला. पोलिसाचं म्हणणं आलं की त्याने माझा टेझर हिसकावला, मला जिवाची भीती वाटली. पण डोमिनिकन रिपब्लिकहून आलेला एक न्हावी त्या वेळी पायी कामावर चालला होता. त्याने फोनवर जे टिपलं त्यात स्कॉट पाठ करून पळतोय आणि पोलीस मागून आठ गोळ्या झाडतोय. हा न्हावी आपल्यासारखाच परदेशातून पोट भरायला आलेला. व्हिडिओ पुसून टाकावा आणि हे गाव सोडून जावं असं मनात आलं होतं, हे त्याने नंतर सांगितलं. मग पोलिसांची कहाणी बातम्यांत ऐकली आणि तो स्कॉटच्या घरच्यांकडे गेला. पोलिसाला २० वर्षांची शिक्षा झाली.

ही झाली पहिल्या रिपोर्टची गोष्ट. आता पहिल्या फोनकडे या.

२२ नोव्हेंबर २०१४, क्लीव्हलँड. तामिर राइस, वय १२. बागेत खेळण्यातली बंदूक घेऊन फिरत होता. ज्याने ९११ ला फोन केला त्याने सांगितलं होतं, की बंदूक बहुतेक नकली आहे आणि तो बहुधा लहान मुलगा आहे. फोन घेणाऱ्या बाईने हे दोन शब्द पुढे दिलेच नाहीत. गाडी आली आणि दोन सेकंदांच्या आत पोलिसाने गोळी घातली. त्याच्यावर खटला उभा राहिला नाही. साइटवर क्रेनच्या ऑपरेटरला निरोप अर्धा पोचला तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

आणि एक प्रकरण आपल्या माणसाचं. फेब्रुवारी २०१५, अलाबामातलं मॅडिसन. गुजरातहून मुलाकडे आलेले ५७ वर्षांचे आजोबा, नातवाला सांभाळायला मदत म्हणून आले होते. सकाळी घराबाहेर चालत होते. शेजारच्या कोणी फोन केला, की एक बारीक काळा माणूस फिरतोय, घरांकडे बघतोय. पोलीस आले. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. पोलिसाने त्यांना उचलून जमिनीवर आपटलं. मणक्याचं ऑपरेशन झालं, शरीराचा काही भाग लुळा पडला. दोन वेळा खटला चालला, दोन्ही वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही, आणि शेवटी न्यायाधीशाने पोलिसाला सोडलं. आजोबांचा जीव वाचला. पण बघा, फोनवर 'काळा' हा एक शब्द गेला आणि चालायला निघालेला म्हातारा संशयित झाला. आपण काळे नाही म्हणून सुरक्षित आहोत, असं ज्याला वाटतं त्याने ही गोष्ट घरी सांगावी. आणि त्याहून मोठी गोष्ट ही, की जी वागणूक या आजोबांच्या वाट्याला एका सकाळी आली, तिची भीती इथला काळा माणूस लहानपणापासून मनात घेऊन जगतो.

कोणी म्हणेल, मरणाऱ्यांत गोरेही असतात. खरं आहे. वॉशिंग्टन पोस्टने २०१५ पासून मोजणी केली. वर्षाला साधारण हजार माणसं पोलिसांच्या गोळीने मरत होती आणि आकड्याने त्यांत गोरे जास्त होते. पण काळे लोक या देशात शंभरात चौदाच्या आसपास आहेत. लोकसंख्येच्या मानाने पाहिलं तर त्यांचं मरणाचं प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघतं.

ही मोजणी वर्तमानपत्राला का करावी लागली, हाही प्रश्न आहे. आपल्या साइटवर कामगार मेला तर मालकाने ८ तासांत ओशाला कळवायचं असा नियम आहे. पोलिसांच्या बळाच्या वापराची देशभरची नोंद एफबीआयने २०१९ मध्ये सुरू केली, आणि तीत माहिती द्यायची की नाही हे प्रत्येक पोलीस खात्याच्या मर्जीवर ठेवलं. अशी खाती देशात सुमारे १८ हजार आहेत.

कोणी म्हणेल, पोलिसाचं ऐकलं तर काही होत नाही. फिलांडो कॅस्टील शाळेच्या स्वयंपाकघराचा सुपरवायझर होता. जुलै २०१६ मध्ये मिनेसोटात त्याची गाडी अडवली. शेजारी मैत्रीण, मागे तिची चार वर्षांची मुलगी. त्याने स्वतःहून शांतपणे सांगितलं की माझ्याकडे बंदूक आहे. तिचा परवानाही त्याच्याकडे होता. काही क्षणांत पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. पोलीस निर्दोष सुटला.

असं का होतं? इथला कायदा समजून घ्या. १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की नुसता पळतोय म्हणून माणसाला गोळी घालता येणार नाही, त्याच्यापासून गंभीर धोका असायला हवा. ते प्रकरण मेम्फिसच्या १५ वर्षांच्या काळ्या मुलाचं होतं. कुंपणावर चढत असताना त्याला डोक्यात मागून गोळी घातली होती. चोरलेला माल म्हणजे एक पर्स आणि दहा डॉलर. मग १९८९ मध्ये कोर्टाने दुसरा निकाल दिला, की बळाचा वापर बरोबर होता का हे त्या जागी उभ्या असलेल्या समंजस पोलिसाच्या नजरेने ठरवायचं, मागाहून शहाणपण सांगून नाही. या देशात बंदुका घरोघरी आहेत, पोलिसालाही घरी परत जायचं असतं, हे मला मान्य आहे. पण त्याची भीती वाजवी होती का, एवढ्यावरच सगळं येऊन थांबलं, तर काळा रंग पाहिल्यावर वाटणारी भीतीही वाजवी ठरू लागते. म्हणून हा एखाद्या वाईट पोलिसाचा प्रश्न राहत नाही. एकाच मजल्यावरून दर महिन्याला माणूस पडत असेल, तर आपण रेलिंग तपासतो, पडलेल्यांचा स्वभाव तपासत बसत नाही.

रेलिंग बसवता येतं. न्यू जर्सीत २०१९ च्या कायद्याने, पोलिसांच्या हातून मृत्यू झाला तर तपास राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे जातो. ज्याच्या हातून घडलं त्याच्याच खात्याने रिपोर्ट लिहायचा, हे थांबवायचा तो प्रयत्न आहे. हे लोकांनी रस्त्यावर येऊन, आईबापांनी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवून मिळवलेलं आहे.

आपला संबंध आणखी जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. १९६६ मध्ये ओकलंडच्या काळ्या तरुणांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. त्यांचं पहिलं काम पोलिसांवर नजर ठेवण्याचं होतं. ते नाव सहा वर्षांनी मुंबईच्या तरुणांनी घेतलं आणि दलित पँथर उभी राहिली. आणि १९६५ च्या ज्या कायद्यामुळे भारतीयांना या देशाचं दार उघडलं, तो काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या लढ्याच्या लाटेतच झाला. त्यांच्या रक्तावर आपण इथे आलो, आणि आपल्याच जेवणाच्या सुट्टीत त्यांना 'काळ्या', 'कल्लू' म्हणून हसतो. हे बंद करा. माझ्या टीममध्ये मी चालू देत नाही.

आता करायचं काय ते सांगतो.

९११ ला फोन करण्याआधी विचारा, जिवाला धोका आहे का? खोटी नोट ही आणीबाणी नाही. बाजूला ठेवा, मॅनेजरकडे द्या. फोन करावाच लागला तर पाहिलं तेवढंच सांगा, अंदाज सांगू नका. कपडे सांगा, जागा सांगा. हत्यार खोटं वाटत असेल, माणूस लहान असेल, वेडसर झाला असेल, तर ते दोनदा सांगा आणि पुढे कळवायला सांगा. मानसिक संकटासाठी ९८८ हा वेगळा नंबर आहे.

तुम्हाला अडवलं तर गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, हात स्टिअरिंगवर ठेवा. खिशात किंवा कप्प्यात हात घालण्याआधी तोंडाने सांगा. लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स दाखवावं लागतं. झडतीला नकार देता येतो, पण तोंडाने, अंगाने अडवू नका. बाकी प्रश्नांना गप्प राहायचा हक्क आहे. अटक झालीच तर वकील मागा, आणि भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवा असं सांगा.

दुसऱ्याला अडवलेलं दिसलं तर थांबा. उघड्यावर काम करणाऱ्या पोलिसाचं चित्रण करणं हा हक्क आहे. न्यू जर्सी ज्या फेडरल अपील कोर्टाखाली येते त्याने २०१७ मध्येच हे मान्य केलंय. अंतर ठेवा, मध्ये पडू नका, मागे व्हा म्हटलं तर मागे होऊन चित्रण चालू ठेवा. वेळ, जागा, गाडीचा नंबर लिहून ठेवा. ज्यांचे कागद अपुरे आहेत त्यांनी व्हिडिओ आधी वकिलाला दाखवावा. आखातातून आलेल्यांनी आणि हे तिथे वाचणाऱ्यांनी लक्षात घ्या, हा हक्क इथला आहे. तिथे असं चित्रण अंगाशी येऊ शकतं.

काउंटरवर आपण असतो, फुटपाथवर आपण असतो. तो १९ वर्षांचा पोरगा, ती मुलगी, तो न्हावी, यांच्यातला कोणीही मोठा माणूस नव्हता. कामावर जाता-येता जे डोळ्यांपुढे घडलं, त्याचे ते साक्षीदार झाले. तीच पाळी उद्या आपल्यावर येऊ शकते, म्हणून तयारी आज.

पुढच्या रविवारी ९११ वर इंग्रजीत नेमकं काय बोलायचं, त्याचा सराव घेणार आहे. दोघं-दोघं समोरासमोर बसून करू. दुकानात आणि गॅस स्टेशनवर काम करणाऱ्यांनी शिफ्ट बदलून घ्या, पण या.