कान कोरडा झाल्यावर



आम्ही कामगार संघटनेतली माणसे. शाळा थोडी केली, वैद्यकी मुळीच नाही. तरी कानाविषयी बोलायला उभे राहिलो, कारण वर्षानुवर्षे वाहणाऱ्या कानाचे दुःख दवाखान्यापेक्षा कामावर अधिक दिसते.

कान फुटणे हे आपल्याकडे किरकोळ समजतात. तेल सोडायचे, बोळा घालायचा, झाले! पण पडद्याला भोक राहिले की सर्दीत, अंघोळीत पुन्हा पू येतो, ऐकू कमी येते. काहींच्या कानात त्वचेची गाठ वाढून हाड कुरतडते, आणि दुखणे मेंदूपर्यंत गेल्यास जिवावर बेतते.

१९५० नंतर जर्मनीत वुलस्टाइन आणि झोलनर या शल्यवैद्यांनी या शस्त्रक्रियेचा पाया घातला. आज बहुधा कानावरच्या स्नायूचे पातळ आवरण घेऊन नवा पडदा बसवितात. मग डॉक्टर पाहतात, पडदा धरला का? ऐकणे किती सुधारले? हे पाहायलाच हवे. पण झुरिचच्या डॉक्टरांनी २०१६ साली अशा रोग्यांसाठी २१ प्रश्न तयार केले. त्यांत कानाचा त्रास आणि ऐकणे तर आहेच. शिवाय मनावर व लोकांतल्या वावरावर होणारा परिणाम आणि उपचारांची गरजही विचारली आहे.

आमच्या कळवणच्या कांदा बाजारात याचा अर्थ काय? मागे येणारा ट्रॅक्टर वेळीच कळावा, वासामुळे शेजारचा दूर सरकू नये, सभेत दोन शब्द बोलायचा धीर व्हावा. ऐकणे पूर्ववत झाले नाही, तरी कान कोरडा राहिल्याने यातले पुष्कळ परत मिळू शकते.

मात्र शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे ओझे उचलायचे नाही, नाक जोराने शिंकरायचे नाही, कानात पाणी जाऊ द्यायचे नाही. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याने हे कसे पाळावे? राज्य कामगार विमा योजनेतल्या कामगारास आजारपणात ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. शेतमजुराला हा आधार नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. शस्त्रक्रिया झालेल्या गड्याला मुकादमाने हाकलू नये. बरा होईतो खळ्यावर कांदा निवडायचे बसके काम द्यावे. शस्त्रक्रिया डॉक्टरांनी करावी, पण विश्रांती देणे गावाच्या हाती आहे.