अंगणातील शर्यतीची मोटारसायकल
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आमच्या चिटणिसांनी 'तरुणांचे छंद' या विषयावर चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली. जन्मभर मुलांकडून पाढे घोकून घेतलेल्या मास्तराने मोटारसायकलीच्या शर्यतीवर बोलावे, हे कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु गेल्या वर्षी आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजीवाने आपली दोनशे सीसीची गाडी घरच्या अंगणातच शर्यतीस सिद्ध केली, आणि प्रथम कडाडून विरोध करणारे आम्ही अखेर हाती बॅटरी धरून त्याच्याजवळ बसलो.

चेन्नईनजीक इरुंगाट्टुकोट्टई येथे १९९० पासून शर्यतीचा बंदिस्त मार्ग आहे. तेथे समोरून वाहन येत नाही, गुरे आडवी जात नाहीत, असे त्याने आम्हांस परोपरीने सांगितले. आमचे समाधान झाले नाही.

शर्यतीची गाडी करणे म्हणजे इंजिनाची शक्ती वाढविणे, अशी आमची समजूत. प्रत्यक्षात चिरंजीव पहिले काही दिवस नुसते काढीतच होते. आरसे गेले, दिवे गेले, साइड स्टँड गेला. गाडी पडलीच तर मार्गावर काचा विखुरता कामा नयेत. इंजिन थंड राखणारा कूलंट ओतून टाकून त्या जागी निव्वळ शुद्ध पाणी भरले. कारण कूलंटमधील ग्लायकॉल सांडला की मार्ग निसरडा होतो आणि लवकर वाळतही नाही. ब्रेकचे तेल नवे घातले. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ जातीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरलेल्या तेलास १५५ अंशांची मर्यादा चालते. तेल उकळले म्हणजे आत वाफ होते आणि ऐन वळणावर ब्रेक पोकळ लागतो. येथे आम्ही प्रथम कान टवकारले.

पण खरे काम पुढेच होते. इंजिनाच्या तळाशी तेल सोडण्याचा बोल्ट असतो. त्याच्या डोक्यात बारीक भोक पाडून स्टीलची तार ओवावयाची आणि पीळ देऊन ती एखाद्या पक्क्या भागास बांधावयाची. या भोकापायी ड्रिलची तीन पाती मोडली! हा बोल्ट गळाला तर तेल आपल्याच मागल्या चाकाखाली येते. आपण पडतोच, पण मागून येणारा, ज्याचा काडीचाही अपराध नाही, तोही पडतो. तोही कोणाचा तरी मुलगाच.

त्या रात्री बॅटरीच्या उजेडात आम्हांस दिसले की तार उलटी बांधली आहे. तिची ओढ बोल्ट आवळण्याच्या दिशेस हवी. ही सैल करण्याच्या दिशेस होती. वहीतील चुकीवर ठेवावे तसे आम्ही बोट ठेवले.

"काका, बांधली आहे ना? पुरे झाले," चिरंजीव त्रासून म्हणाले.

आम्ही काही न बोलता बॅटरी मालवून आत गेलो. थोड्या वेळाने पक्कडीचा आवाज ऐकू आला. त्याने तीच नव्हे, सगळ्याच तारा कापून पुन्हा बांधावयास घेतल्या होत्या. आम्ही निमूट बाहेर येऊन बॅटरी धरली.

दिवे काढलेली गाडी टेम्पोतून चेन्नईस गेली. तेथील तपासनीसाने खाली वाकून ती तार बोटाने दाबून पाहिली आणि गाडी आत सोडली. शर्यतीत चिरंजीव अकरावे आले. टायरांपायी झालेला खर्च येथे सांगत नाही. त्याच्या मातोश्री समोरच बसल्या आहेत.

यंदा पुन्हा अंगणात पाने-पक्कडी मांडल्या गेल्या आहेत. बॅटरीचे नवे सेल आम्ही कालच आणले.