झाकण मिटलं, लॅपटॉप जागाच

चेन्नईतल्या वेलचेरीहून बोलतोय. मागे पंख्याची घरघर ऐकू येत असेल तर तेवढी सहन करा, इथे पंखा बंद ठेवून बोलणं जमत नाही. मी मूळचा सोलापूरचा, त्यामुळे उकाड्याशी जुनी ओळख आहे. पण तिकडचा उकाडा कोरडा, इकडचा ओला. गेली बरीच वर्षं मी लिनक्स कर्नलच्या ड्रायव्हरांवर काम करतो. मला विषय दिलाय कर्नलमधल्या पॉवर मॅनेजमेंटचा, म्हणजे यंत्राचे भाग कधी झोपवायचे, कधी उठवायचे आणि हे बिघडलं तर कुठे शोधायचं. मी एका रात्रीपासून सुरुवात करतो.

१ डिसेंबर २०१५, मंगळवार. त्या दिवशीचा पाऊस चेन्नईत कोणी विसरलेलं नाही. वेलचेरी मुळातच तळ्याकाठचा सखल भाग, शेजारी पळ्ळिकरणैची दलदल. पाणी रस्त्यावर आलं, मग फाटकात, मग खालच्या मजल्यात. वीज गेली. आम्ही पहिल्या मजल्यावर, म्हणून वाचलो. खालच्या घरातलं सामान वर आणण्यात रात्र गेली. त्याआधी, नऊच्या सुमाराला, मी लॅपटॉपचं झाकण मिटवलं आणि तो कपाटावर ठेवला. बॅटरी जवळजवळ पूर्ण भरलेली होती. डोक्यात हिशोब साधा होता: फोन मेला की लॅपटॉपवरून चार्ज करायचा आणि सोलापूरला आईला कळवायचं.

सकाळी लॅपटॉप हातात घेतला तर कोमट लागला. बटण दाबलं. काही नाही. रात्रीतून तो संपला होता.

आता जरा आकडे बघा. माझी बॅटरी होती ४८ वॉट-अवरची. जुन्या पद्धतीच्या झोपेत, जिला एसीपीआयच्या भाषेत एस-३ म्हणतात, फक्त रॅमला वीज मिळते. बाकी जवळजवळ सगळं बंद. तेव्हा असा लॅपटॉप साधारण अर्धा ते एक वॉट खातो. म्हणजे दोन ते चार दिवस निघायला हवेत. तोच लॅपटॉप नुसता जागा, पडदा बंद ठेवून बसला, तरी सहा-आठ वॉट खातो आणि सहा-आठ तासांत आडवा होतो. त्या काळच्या फोनची बॅटरी असायची साधारण दहा वॉट-अवरची. झोपेतल्या किंवा बंद लॅपटॉपमधूनही वीज देणारं यूएसबी पोर्ट असेल, तर ४८मधून तीन-चार वेळा फोन भरतो. तसं पोर्ट नसेल तर लॅपटॉप जागा ठेवावा लागतो, आणि फोन सावकाश भरत असताना तो स्वतःच फोनच्या दुप्पट वीज खाऊन टाकतो. मग एकदाच भरतो. पण मला एकदाच हवा होता.

नेटवर्क तसंही येत-जात होतं. आईला माझा आवाज तिसऱ्या दिवशी ऐकायला मिळाला, शेजाऱ्यांच्या फोनवरून. ते दोन दिवस तिने कसे काढले हे तिने मला कधी सांगितलं नाही, बहिणीने सांगितलं.

वीज आल्यावर पहिलं काम केलं ते कर्नलचा लॉग उघडायचं. आणि तिथे सगळं लिहिलेलं होतं. 'झोपायच्या तयारीत' अशा अर्थाची ओळ, तिच्या खाली लगेच 'उठतोय' अशी ओळ. मग काही सेकंद शांतता. मग परत 'झोपायच्या तयारीत', परत 'उठतोय'. पानंच्या पानं. झाकण मिटलेलं आहे हे बघून सिस्टीम त्याला झोपवत होती, आणि कोणीतरी त्याला तत्क्षणी उठवत होतं. मध्यरात्रीनंतर तीनच्या आसपास ओळी थांबल्या. मी कपाटावर झोपवून ठेवलेला लॅपटॉप रात्रभर उठबशा काढत होता.

हे असं का होतं ते कळायला कर्नल यंत्राला झोपवतो कसा ते बघायला हवं. वाड्यातलं मोठं एकत्र कुटुंब डोळ्यासमोर आणा. आधी चालू प्रोग्रामांना जागच्या जागी गोठवलं जातं. मग उपकरणांची पाळी. इथे क्रम ठरलेला असतो: पोरं आधी, मोठी माणसं नंतर. यूएसबीला लावलेला माउस आधी झोपतो, मग तो ज्या हबवर आहे तो हब, मग यूएसबी कंट्रोलर, मग ज्या पीसीआय बसवर कंट्रोलर बसलाय ती बस. शेवटी आजी दिवा मालवते, म्हणजे उरलेले प्रोसेसर बंद होतात आणि ताबा फर्मवेअरकडे जातो. उठताना बरोबर उलट, आजी आधी.

यात दोन भानगडी होऊ शकतात. एक, एखादं पोर झोपायलाच नकार देतं. एका ड्रायव्हरने जरी चूक परत पाठवली तरी कर्नल सगळा बेत मोडतो आणि झोपलेल्या सगळ्यांना परत उठवतो. एकाच्या हट्टापायी वाडा जागा. दुसरी भानगड, सगळे नीट झोपतात, पण कोणाला तरी दार वाजवायचा हक्क दिलेला असतो आणि ते वाजवत सुटतं. झाकण, पॉवरचं बटण, कीबोर्ड, नेटवर्क कार्ड, यूएसबी कंट्रोलर, यांना हा हक्क असू शकतो. माझं दुखणं दुसऱ्या जातीचं होतं, कारण लॉगात 'अमुक उपकरण झोपलं नाही' अशी तक्रार कुठेच नव्हती.

माझा पहिला संशय बिनतारी माउसच्या रिसीव्हरवर. तो काढला, लॅपटॉप झोपवला, दोन सेकंदांत जागा. संशय खोटा ठरला. अर्धा दिवस मी झाकणाच्या सेन्सरच्या मागे लागलो, तोही बिचारा निर्दोष. मग जे आधी करायचं ते शेवटी केलं: 'प्रॉक' खालच्या 'एसीपीआय'मधली 'वेकअप' ही फाइल उघडली. तिच्यात उपकरणांची आखूड नावं आणि पुढे 'एनेबल्ड' किंवा 'डिसेबल्ड' असं लिहिलेलं असतं. 'एक्सएचसी', म्हणजे यूएसबी ३चा कंट्रोलर, एनेबल्ड. रूट होऊन त्याचं नाव त्याच फाइलीत लिहिलं, हक्क गेला, आणि लॅपटॉप गाढ झोपला. पोर्टात काहीच नसताना कंट्रोलरच दार वाजवत होता.

इथे दोन खड्डे आहेत, दोन्हींत मी पडलोय. नाव लिहिलं की हक्क उलटा होतो. चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. बूट होताना दोन ठिकाणांहून तेच नाव लिहिलं गेलं तर तुम्ही मूळ पदावर. आणि हा बदल रीबूटनंतर टिकत नाही. म्हणून त्या उपकरणाच्या 'सिस'मधल्या फोल्डरात 'पॉवर', त्यात 'वेकअप' अशी जी फाइल असते, तिच्यात 'डिसेबल्ड' लिहिणारा यूडेव्हचा नियम करून ठेवावा. तिथे उलटापालट होत नाही, जे लिहाल तेच राहतं.

आता झोपतो पण उठतच नाही, काळा पडदा आणि पंखा चालू, असं असेल तर? हा जास्त छळणारा प्रकार, कारण लॉग लिहायलाही कोणी जागं नसतं. तिथे 'सिस' खालच्या 'पॉवर'मधली 'पीएम-टेस्ट' फाइल वापरा, तुमच्या कर्नलमध्ये ती सोय ठेवलेली असेल तर. तिच्यात 'फ्रीझर' लिहून झोपवलं तर कर्नल फक्त प्रोग्राम गोठवतो, पाच सेकंद थांबतो आणि परत येतो. मग 'डिव्हायसेस' लिहा, मग 'प्लॅटफॉर्म', 'प्रोसेसर्स', 'कोर'. एकेक पायरी खाली उतरायचं. ज्या पायरीवर परत येत नाही, तिथे चोर. 'डिव्हायसेस'वर अडकला तर ड्रायव्हर एकेक काढून बघायचे. बहुतेक वेळा ग्राफिक्स किंवा वायफाय निघतं. गुंता वाटतो, पण दुपारभरात होतं. अंदाजाने बूट पॅरामीटर चिकटवत बसण्यापेक्षा लवकर होतं, एवढं मी लिहून देतो.

याच जागी 'पीएम-ट्रेस' नावाची एक युक्ती आहे, २००६मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्सनेच घातलेली. यंत्र उठता उठता मेलं तर कुठे मेलं हे लिहायला जागा कुठली? रॅम जाणार, डिस्क अजून जागी नाही. एकच गोष्ट वीज गेली तरी चालू असते, घड्याळ. तर कर्नल आपली शेवटची जागा घड्याळाच्या तारखेत दडवून ठेवतो! तीनेक मिनिटांच्या आत रीबूट करायचं, म्हणजे पुढच्या बूटच्या संदेशांत त्या उपकरणाचं नाव ओळखता येतं. मात्र नंतर तारीख भलत्याच वर्षाची दिसते. पहिल्यांदा मी घाबरून बायोसची बॅटरी बदलली होती.

कर्नल चुकतो तसं फर्मवेअरही चुकतं, आणि तिथे गोष्ट अवघड होते. २०११ची गोष्ट. २.६.३८ हा कर्नल आला आणि बऱ्याच लॅपटॉपांवर बॅटरी आधीपेक्षा लवकर संपू लागली. फोरोनिक्सच्या मायकल लॅराबेलने मोजमापं घेत, बदलांची यादी अर्धी-अर्धी करत मूळ शोधलं: एएसपीएम. पीसीआय एक्स्प्रेसची तार रिकामी असताना तिला डुलकी घेऊ देणारी सोय. काही बायोस एका तक्त्यात सांगत होते की आमच्याकडे एएसपीएम वापरू नका, आणि त्याच वेळी स्वतःच ते उपकरणांवर चालू करून ठेवत होते. नव्या कर्नलने लेखी शब्द प्रमाण मानला आणि ते बंद केलं. मॅथ्यू गॅरेटने नंतर विंडोज अशा वेळी काय करतं ते तपासलं आणि अर्थ उलगडला: 'वापरू नका' म्हणजे 'हात लावू नका', आम्ही जसं ठेवलंय तसंच राहू द्या. त्याचा पॅच ३.३मध्ये आला. एका वाक्याचा अर्थ लावण्यावरून एवढे महिने गेले.

म्हणून बॅटरी अचानक कमी टिकू लागली तर आधी जुना कर्नल बूट करून मोजा. 'पॉवरटॉप' हे साधन २००७पासून आहे, इंटेलमधून आलेलं, ते कोण किती वेळा प्रोसेसरला उठवतंय ते दाखवतं. त्यातलं सगळं एकदम 'ऑटो-ट्यून' करून मोकळे होऊ नका. यूएसबी माउस दोन सेकंद हलवला नाही की झोपतो आणि तुम्ही टेबलावर आपटत बसता.

प्रोसेसरच्या वेगाबद्दल एकच सांगतो, कारण मे महिन्यात इथे सगळे तेच विचारतात. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपांवर गव्हर्नर 'पॉवरसेव्ह' दिसतो आणि लोक हवालदिल होऊन 'परफॉर्मन्स' करतात. इंटेल-पीस्टेट ड्रायव्हर स्वतःच्या पद्धतीने चालत असेल तर त्यातला 'पॉवरसेव्ह' कामाप्रमाणे वेग वर-खाली करतो. जुन्या ड्रायव्हरसारखा तळाला खिळवून ठेवत नाही. लॅपटॉप मंद झालाय तो बहुतेक उन्हाने. पंखा साफ करा.

आता नवे लॅपटॉप. 'सिस' खालच्या 'पॉवर'मध्ये 'मेम-स्लीप' फाइल वाचा. 'एस-टू-आयडल' आणि 'डीप' अशी दोन नावं दिसली तर तुमच्याकडे जुनी एस-३ झोप आहे, आणि चौकटी कंसात असेल ती सध्या लागू. 'डीप' दिसतच नसेल तर फर्मवेअरने ती दिलेलीच नाही, हल्ली ते सर्रास आहे. 'एस-टू-आयडल'मध्ये यंत्र खरं तर जागंच असतं, फक्त सगळे भाग आपापल्या सर्वांत कमी विजेच्या अवस्थेत जावेत अशी अपेक्षा. एक भाग गेला नाही तर कर्नल तक्रार करत नाही, झोप लागल्यासारखी दिसते आणि बॅटरी गळत राहते. ओळखायचं असं: इंटेलवर सीपीयू-आयडलच्या फोल्डरात सिस्टीमच्या 'लो पॉवर आयडल'ची एक मोजणी असते, मायक्रोसेकंदांत. झोपवण्याआधी आणि नंतर वाचा. आकडा तोच राहिला तर यंत्र खोल गेलंच नाही. कोणीतरी पाय अडकवून बसलंय.

माझ्या सध्याच्या लॅपटॉपवर 'डीप' नाही. तीन वेळा कर्नल बदलून, एका एनव्हीएमई डिस्कशी भांडून मी ती मोजणी हलती केली, तरी रात्रभरात बॅटरी दहा-बारा टक्के उतरते. रोजच्याला ठीक आहे. पुराला नाही.

डिसेंबर २०२३मध्ये मिचाँग वादळ आलं तेव्हा वेलचेरीत परत पाणी. त्या वेळी मी लॅपटॉप झोपवला नाही, हायबरनेट केला: रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून यंत्र पूर्ण बंद. ते जमण्यासाठी आधीच तयारी लागते. पुरेशी मोठी स्वॅप, आणि बूट होताना ती कुठे आहे हे 'रिझ्यूम' पॅरामीटरने कर्नलला सांगणं. सिक्युअर बूट चालू असेल तर बऱ्याच डिस्ट्रिब्युशनांचा कर्नल हायबरनेशन नाकारतो; 'पॉवर'मधल्या 'डिस्क' फाइलीत तेव्हा 'डिसेबल्ड' दिसतं, आणि लोक स्वॅपला दोष देत बसतात. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं, बॅटरी होती तिथेच, उघडलेली फाइल जशीच्या तशी. फोन लावला. आई म्हणाली, वीज नाही म्हणतोस, मग फोन कसा लागला?

तेव्हापासून ऑक्टोबर संपत आला, ईशान्य मोसमी पावसाचे ढग जमू लागले, की मी एका रविवारी लॅपटॉप हायबरनेट करून उठवून बघतो. मध्ये कर्नल बदललेला असतो, कधी स्वॅपचा क्रमांक बदललेला असतो. गेल्या खेपेला तो उठला नाही. ऊन होतं, वीज होती, दुपारभर वेळ होता, 'पीएम-टेस्ट' काढून बसलो. वायफाय निघालं.