'मला हे जमेल'
(केंद्राच्या शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आपल्या हाताखालून गेलेला विद्यार्थी माध्यमिक शाळेत मागे पडतो, पुष्कळदा नववीत शाळाच सोडतो. दारिद्र्य, शाळेचे अंतर, शेतीची कामे ही कारणे खरीच. परंतु 'हे मला जमणार नाही' अशी त्याची समजूतही झालेली असते आणि ती तो कित्येकदा आपल्याच वर्गातून बरोबर नेतो.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली या विषयाची मांडणी केली. एखादे काम आपल्या हातून पार पडेल हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः काम तडीस नेल्याने, आपल्यासारख्याला ते साधलेले पाहिल्याने, विश्वासू माणसाच्या शब्दाने आणि मनातील धास्ती ओसरल्याने. यांत पहिली वाट सर्वांत बळकट होय.

म्हणून नुसत्या 'शाबास'ने भागत नाही. गुणाकारात अडलेल्या मुलास आधी साधेल असे उदाहरण द्यावे, मग एकेक पायरी चढवावी. 'तू हुशार आहेस' यापेक्षा 'काल हातचा विसरला होतास, आज विसरला नाहीस' हे सांगणे अधिक उपयोगी पडते.

दुसऱ्या वाटेचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. हरसूलकडील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले. या स्पर्धांत धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत पदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. पाड्यावरील मुलीस हे उदाहरण आपले वाटेल. मात्र पदकाबरोबर त्यामागील अनेक वर्षांचा सरावही सांगावा.

शब्दाविषयी माझीच चूक सांगतो. नोकरीच्या आरंभी मी एका मुलास सर्वांसमक्ष म्हणालो होतो, 'गणित हा तुझा प्रांत नव्हे.' मी ते विसरलो. पुष्कळ वर्षांनी तो आपल्या मुलाचे नाव घालावयास आला आणि सहज म्हणाला, 'गुरुजी, याचेही गणित कच्चेच असणार.' मूल अजून पहिलीत बसावयाचे होते.

माझी विनंती एवढीच: प्रत्येकाने आपल्या वर्गातील असे एक मूल निवडावे. रोज त्याच्या आवाक्यातील, पण कालच्याहून थोडे अवघड असे एक काम त्याच्याकडून पुरे करून घ्यावे आणि त्याची तारीखवार नोंद त्याच्याच वहीत ठेवावी. महिन्याअखेर ती वही त्याला वाचावयास द्यावी.