सायलेन्सरमधील साक्षीदार



कामगार संघटनेत उमेद घालविलेला माणूस व्यासपीठावर आला की तो पगार, बोनस आणि संप यांवर बोलणार, असे आपण धरून चालता. आज आम्ही आपली थोडी निराशा करणार आहोत. आज आम्हांला बोलावयाचे आहे ते मोटारीच्या एका दुखण्याविषयी. गॅरेजमधील फिटर आणि हेल्पर यांच्यात आम्ही काम करतो. त्यांच्या गाऱ्हाण्यांचा माग काढीत गेले की पुष्कळदा शेवट बोटाएवढ्या एका पुर्जापाशी होतो. त्याचे नाव ऑक्सिजन सेन्सर. हे गाऱ्हाणे जसे कामगाराचे, तसेच ते गाडीच्या मालकाचेही आहे; म्हणून ते आपल्यापुढे मांडणे आम्हांला योग्य वाटते.

दुखण्याचे स्वरूप आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे असेल. समोरच्या तबकडीत इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो. गाडीचा पिकअप जातो. सपाट रस्त्यावर ती कशीबशी चालते, पण खंबाटकीचा चढ लागला की धापा टाकू लागते. आपण गॅरेज गाठता. मुलगा स्कॅनर लावतो, पडद्यावर एक क्रमांक उमटतो, त्याखाली ऑक्सिजन सेन्सरचे नाव दिसते. सेन्सर बदलला जातो, दिवा विझतो, काही हजारांचे बिल होते. आठ दिवसांनी दिवा पुन्हा लागतो आणि पिकअप तर परत आलेलाच नसतो. आपल्या वाडवडिलांनी याला फार पूर्वीच नाव देऊन ठेवले आहे : दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला!

असे का होते, हे समजण्यासाठी त्या सेन्सरचे काम काय, ते आधी पाहू. पेट्रोलच्या इंजिनात एक किलो पेट्रोल नीट जळावयास सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा याहून कमी पडली तर मिश्रण गडद झाले, जास्त झाली तर पातळ झाले, असे आपण म्हणू. हे प्रमाण बरोबर आहे की नाही, हे इंजिनात शिरताना कळणे कठीण. जळून बाहेर पडलेल्या धुरात प्राणवायू किती उरला, त्यावरून ते कळते. झिर्कोनिया नावाच्या चिनी मातीसारख्या पदार्थाची एक टोपी धुराच्या नळीत बसविलेली असते. तिच्या एका अंगाला धूर, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा. दोन्हींकडील प्राणवायूत जो फरक असतो, त्यातून वीज निर्माण होते. यामागील नियम जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर नेर्न्स्ट यांनी मांडला. त्यांना पुढे १९२० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बॉश कंपनीने हा सेन्सर तयार केला आणि १९७६ साली तो प्रथम व्होल्व्हो मोटारीत बसला.

मिश्रण गडद असेल तर हा सेन्सर सुमारे ०.९ व्होल्ट दाखवितो, पातळ असेल तर ०.१ व्होल्ट. तापमान तीनशे अंशांच्या आसपास गेल्यावाचून तो बोलतच नाही, म्हणून त्याच्या पोटात विजेची एक छोटी शेगडी ठेवलेली असते. त्याचे बोलणे ऐकून गाडीचा संगणक दर क्षणाला पेट्रोल कमीअधिक करतो. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हे प्रमाण सांभाळले तरच नीट काम करतो. आपल्याकडे १९९५ साली दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना हा कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिसे त्याला आणि सेन्सरला, दोघांनाही मारक. तेव्हा २००० साली शिसेयुक्त पेट्रोल देशभरातून गेले. २०२० च्या एप्रिलपासून भारत स्टेज सहाचे नियम आले आणि या पहारेकऱ्यांचे महत्त्व आणखी वाढले.

आता मुद्द्याची गोष्ट. सेन्सर हा साक्षीदार आहे. त्याने जे पाहिले ते तो सांगतो. स्कॅनरवरील क्रमांक ही त्या साक्षीवरून नोंदलेली तक्रार आहे, तो निकाल नव्हे. ‘पी ०१७१’ याचा अर्थ मिश्रण पातळ आहे, एवढाच. ते पातळ का, हे त्यात नाही. कुठे हवा गळत असेल, पेट्रोलचा पंप थकला असेल, हवा मोजणारा सेन्सर मळला असेल. ‘पी ०४२०’ म्हणजे कन्व्हर्टर पुरेसे काम करीत नाही. का करीत नाही, ते शोधावयाचे राहिलेच. ‘पी ०१३५’ हा मात्र खुद्द सेन्सरच्या शेगडीच्या तारांविषयी आहे. पण तेथेही आधी फ्यूज पाहावा, उंदराने कुरतडलेली किंवा तापलेल्या नळीला चिकटून वितळलेली वायर पाहावी, मग सेन्सरवर हात टाकावा. कारखान्यात एखाद्या कामगाराने यंत्र बिघडल्याचे सांगितले आणि व्यवस्थापकाने यंत्र सोडून त्या कामगारालाच घरी बसविले, तर आपण त्याला काय म्हणू? चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार गॅरेजमध्ये रोज घडतो.

मग निदान करावे कसे? आम्ही जाणत्या मेस्त्रींच्या शेजारी उभे राहून जे पाहिले, ते सांगतो.

पहिली पायरी, गाडीवाल्याचे ऐकणे. जोर केव्हा जातो? थंड असताना की तापल्यावर? सुरुवातीलाच, की वेग वाढविताना? दिवा स्थिर जळतो की उघडझाप करतो? उघडझाप करीत असेल तर इंजिन जोरात मिसिंग मारते आहे, न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आहे. अशा वेळी गाडी दामटू नये.

दुसरी पायरी, नोंद न पुसणे. तक्रार उमटली तेव्हा वेग किती होता, इंजिन किती तापले होते, हे संगणक लिहून ठेवतो. क्रमांक पुसून ‘आता बघू’ म्हणणारा मनुष्य पंचनाम्याआधीच जागा धुऊन काढतो.

तिसरी पायरी, डोळे आणि कान. थंड इंजिन चालू करून मॅनिफोल्डच्या पॅकिंगपाशी फटफट असा आवाज येतो का, काजळीचा डाग दिसतो का, हे पाहावे. सेन्सरच्या अलीकडे नळीला भेग असली तर धुराच्या दोन धक्क्यांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सर प्रामाणिकपणे सांगतो, ‘प्राणवायू फार आहे.’ संगणक त्यावर विश्वासून पेट्रोल वाढवितो. गाडी पेट्रोल पिऊ लागते, आणि दोष मात्र सेन्सरच्या माथी.

चौथी पायरी, साक्षीदाराची उलटतपासणी. इंजिन तापवून झटकन ॲक्सिलेटर दाबला की व्होल्टेज ०.८ च्या वर जावे. पाय काढला की पेट्रोल तुटते, तेव्हा ते ०.१ च्या जवळ यावे. हे चटकन घडत असेल तर सेन्सर शाबूत आहे. तो आळसावला असेल, एकाच जागी खिळला असेल, तर तो खरोखर गेला. तेलाची राख, सिलिकॉन आणि रेडिएटरचे पाणी यांनी तो मरतोही. मात्र नव्या पुष्कळ गाड्यांत पुढचा सेन्सर निराळ्या जातीचा असतो, त्याला हे माप लागू नाही. त्याचे आकडे स्कॅनरवरच वाचावे लागतात.

पाचवी पायरी सर्वांत मोलाची. चढावर पूर्ण जोर मागताना सेन्सर काय म्हणतो ते पाहावे. त्या वेळी मिश्रण गडद हवे. ते पातळ दिसले तर पेट्रोल पुरत नाही : पंप, फिल्टर पाहा. ते गडद असूनही जोर नसेल, तर बहुधा हवा आत येण्यास किंवा धूर बाहेर जाण्यास अडथळा आहे. अशा वेळी पुढचा सेन्सर काढून त्याच जागी दाबाचे मीटर बसवितात. इंजिन नुसते चालू असताना दर चौरस इंचाला दीड पौंडाच्या आत, आणि अडीच हजार फेऱ्यांवर तीन पौंडांच्या आत दाब असावा. काटा त्याच्या फार वर गेला तर कन्व्हर्टर किंवा सायलेन्सर तुंबला आहे. घराचे धुराडे चोंदले की चूल पेटत नाही, तसेच हे. आणि तुंबला म्हणून नुसता नवा घालूनही भागत नाही. मिसिंग किंवा तेल जळणे यांनी पहिला मेला असेल, तर दुसराही त्याच वाटेने जाईल.

आम्हांला ठाऊक असलेला एक प्रसंग सांगतो. गाव आणि गॅरेज यांची नावे सांगण्याचे कारण नाही. एका गाडीचा सेन्सर दोनदा बदलला. गिऱ्हाईक संतापले. दुसऱ्या सेन्सरची किंमत मालकाने फिटरच्या पगारातून कापली, ‘तू नीट बसविला नाहीस’ म्हणून. त्या मुलाने पहिल्याच दिवशी सांगितले होते की पॅकिंग फुंकते आहे, ते उघडून पाहावयास अर्धा दिवस द्या. अर्धा दिवस मिळाला नाही, कारण त्या अर्ध्या दिवसाचे बिल करता येत नव्हते. शेवटी पॅकिंग बदलले तेव्हा गाडी सुधारली. कापलेला पगार परत मिळविण्यास आम्हांला दोन महिने लागले.

श्रोतेहो, या प्रसंगाचे मूळ कोणा एकाच्या लबाडीत नाही, ते हिशेबाच्या रीतीत आहे. बिलात पुर्जाला रकाना असतो, विचाराला नसतो. पुर्जा विकला तर नफा, शोध घेतला तर खोळंबा. मग विचार करणारा हात महाग वाटतो आणि पुर्जा बदलणारा हात स्वस्त. शिकण्याची वाटही अरुंद ठेवलेली आहे. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. त्या दंडाचा वाद पुढे वरच्या न्यायासनांपुढे गेला. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात मोटारींचाही समावेश केला. ही पावले स्वागतार्ह आहेत. पण माहितीचे दार उघडले तरी आत शिरणाऱ्याला वेळ आणि मजुरी मिळाली पाहिजे.

आणखी एक धोका सांगितलाच पाहिजे. कंटाळून काही लोक कन्व्हर्टर कापून रिकामी नळी जोडून घेतात. गाडी पळते, पण त्या नळीतून कार्बन मोनॉक्साइड न गाळता बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. पावसाळ्यात शटर अर्धे ओढून गाडीखाली काम करणारा हेल्पर प्रथम डोके दुखते म्हणतो, मग गळून पडतो. बंद जागेत इंजिन चालू ठेवू नये, धूर नळीने बाहेर काढावा, ही मागणी आम्ही पगारवाढीच्या मागणीइतकीच महत्त्वाची मानतो. हाच धूर पुढे चौकात आपल्या मुलाबाळांच्या श्वासात जातो.

म्हणून आपल्याला तीनच विनंत्या. ‘कोणता पुर्जा बदलता?’ हे विचारण्याआधी ‘कोणती परीक्षा केली, तीत काय आढळले?’ हे विचारा. बदललेला जुना भाग परत मागून घ्या. आणि निदानासाठी लावलेल्या तासाचे पैसे कुरकुर न करता द्या. वैद्याला आपण नाडी पाहण्याचे पैसे देतोच ना? तो एक तास आपल्या खिशातील काही हजार वाचवील, आणि पाना धरणाऱ्या त्या मुलाला डोकेही आहे, हे मान्य केल्यासारखे होईल. पगारवाढ आम्ही भांडून मिळवू शकतो. ही मान्यता मात्र आपणच द्यावयाची आहे.