जीन्स दुमडायची की कापायची?

(ज्यांना भाग ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी हा मजकूर. बोलणं जसं होतं तसंच बऱ्यापैकी ठेवलंय.)

मी बोलतोय माळेगाव बुद्रुकमधून. मागं ट्रॅक्टरचा आवाज आला तर समजून घ्या. कारखान्याचा हंगाम चालू आहे, उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस चालल्यात.

आजचा विषय तसा लहान आहे. दीड इंचाचा म्हणा. जीन्स खालून दुमडून घालायची ती फॅशन. चांगली दिसते का, सोयीची आहे का, आणि कुठं अजिबात करायची नाही, एवढ्यावर बोलू. पण आधी गेल्या आठवड्यातला किस्सा सांगतो.

बारामतीला निघालो होतो. नवी जीन्स, खाली दोन घड्या, पांढरे शूज. गाडीला किक मारणार, तेवढ्यात ओट्यावर बसलेले आमचे आबा म्हणाले, "काय रं, वड्याला पाणी आलंय का?"

आता थंडीच्या दिवसात ओढ्याला कुठलं पाणी? सगळी गल्ली हसली. मी म्हटलं, "आबा, स्टाइल हाय ही." आबा म्हणाले, "आरं मग मी साठ वर्सं स्टाइलच करतोय की!"

खरं सांगायचं तर आबांचं चुकलं नाही. आपल्याकडं पँट वर घ्यायची ती दारं धरायला. कालव्याचं पाणी पाळीनं येतं, मोटरची लाईट कधीकधी रात्रीच मिळते. एका सरीचं दार मोडून पाणी दुसरीत सोडायचं, तर पाय घोट्यापर्यंत काळ्या चिखलात. आडसाली लागणीच्या दिवसांत, जुलै-ऑगस्टमध्ये, तर विचारूच नका. पँट खाली सोडली की ती चिखल शोषून घेते, जड होते आणि पाऊल उचलताना टाचेखाली येते. म्हणून आबा धोतराचा सोगा वर खोचतात, आज्जी काष्टा घालते आणि आपण पँट दुमडतो. काम एकच.

जीन्सचंही मूळ कामातच आहे. जेकब डेव्हिस नावाचा शिंपी आणि लिव्हाय स्ट्रॉस हा कापडाचा व्यापारी, या दोघांना 20 मे 1873 रोजी अमेरिकेत पेटंट मिळालं. कशाचं? पँटच्या खिशांना तांब्याची रिव्हेट मारायचं. कामगारांचे खिसे फाटायचे, म्हणून. आणि आपला संबंध सांगू का? इंग्रजीत जाड कामकरी पँटला 'डंगरी' म्हणतात. तो शब्द आलाय मुंबईच्या डोंगरीवरून. तिथं मिळणारं जाडंभरडं सुती कापड जहाजानं बाहेर जायचं, त्यालाच ते नाव पडलं.

मग हे लोक जीन्स दुमडायचे का? कारण साधं होतं. त्या काळचं डेनिम धुतलं की आटायचं. कोरं कापड आठ-दहा टक्के आटू शकतं. म्हणजे 34 इंच लांबीची पँट धुतल्यावर 31 वर यायची. म्हणून लोक मुद्दाम लांब घ्यायचे, जास्तीची लांबी खाली दुमडायचे आणि आटत जाईल तशी घडी सोडायचे. पोरांच्या पँटीचंही तेच. पोरगं वाढतं, घडी उलगडते. पुढं सॅनफर्ड क्लुएट यांनी कापड आधीच आटवून घ्यायची पद्धत काढली. त्यालाच सॅनफोराइज्ड म्हणतात. त्यानंतर आटण्याची भीती बरीच कमी झाली, पण घडी काही गेली नाही. 1953 मध्ये मार्लन ब्रँडो 'द वाइल्ड वन' सिनेमात मोटरसायकलवर दुमडलेल्या जीन्समध्ये दिसला आणि कामगाराची घडी पोरांची स्टाइल झाली.

अजून एक गंमत. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, ब्रिटनच्या सरकारनं पुरुषांच्या पँटला खाली दुमडपट्टी शिवायलाच बंदी घातली होती. कापड वाचवायला. लोकांनी काय केलं? लांब पँट विकत घेतली आणि घरी नेऊन दुमडली! माणूस सगळीकडं सारखाच.

आता माझं सांगतो. हे कधी बोललो नव्हतो.

मी सहावी-सातवीत असताना माझ्या अंगावर बहुतेक कपडे चुलत्यांच्या दादाचे असायचे. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. त्याची जीन्स माझ्याकडं आली की आई खालून तीनदा दुमडायची आणि आतून चार टाके घालायची. ती घडी एवढी जाड व्हायची की चालताना एका पायाची दुसऱ्याला घासायची. शाळेत पोरं मला 'दुमड्या' म्हणायची. शाळेला गणवेश होता, पण सहलीला, गॅदरिंगला, पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी तयारीला आपले कपडे. त्या दिवशी मी मागच्या बाकावर बसायचो, पाय आत घेऊन.

एकदा सहलीच्या आदल्या रात्री मी कात्री घेतली आणि जास्तीची लांबी कापून टाकली. दोन्ही पाय. सरळही कापता आलं नाही, एक बाजू वर, एक खाली. सकाळी आईनं बघितलं. मला वाटलं, आता रट्टा बसणार. ती काही बोललीच नाही. मशीनवर बसली, कापलेल्या कडेला टीप मारून दिली आणि एवढंच म्हणाली, "माया ठेवायची असती रं बाळा."

ज्यांच्या घरी शिलाई मशीन आहे त्यांना कळलं असेल. शिवताना टिपेच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात. अंग भरलं, उंची वाढली, तर उसवून सोडायला. त्या वर्षी माझी उंची भराभर वाढली. दिवाळीपर्यंत ती जीन्स घोट्याच्या वर गेली, आणि खाली सोडायला काही उरलं नव्हतं. आईनं नवी घेतली. कुठून पैसे काढले, मी विचारलं नाही. आज कळतं की विचारायला हवं होतं.

नंतर पुण्याला शिकायला गेलो, एका मॉलमध्ये पुतळ्याला जीन्स घातलेली. खालून दुमडलेली, आईनं दुमडावी अगदी तशी जाड. किंमत आमच्या घरच्या महिन्याच्या किराण्याएवढी. मी तिथं बराच वेळ उभा होतो. पोरं मला ज्याच्यावरून हसायची, तेच काचेमागं लाईट लावून ठेवलेलं!

तर मंडळी, दुमडलेली पँट म्हणजे गरिबी किंवा दुमडलेली पँट म्हणजे फॅशन, यातलं काही कापडात नसतं, बघणाऱ्याच्या डोक्यात असतं. आज तुमच्या वर्गात कुणी मोठ्या भावाची पँट दुमडून आलं, तर एवढं लक्षात ठेवा.

आता कामाचं बोलू. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलंय, की नवी जीन्स लांब पडते, तर अल्टर करू की दुमडू?

माझं उत्तर: आधी दोनदा धुवा, मग ठरवा. आजचं सॅनफोराइज्ड कापडसुद्धा दोन-तीन टक्के आटू शकतं. 32 इंचाला तीन टक्के म्हणजे जवळजवळ एक इंच. दुकानातून थेट टेलरकडं नेऊन मापात कापली, तर धुतल्यावर आखूड होणार. दोन धुण्यांनंतरही तीन-चार इंच जास्त असेल तर अल्टर करा, पण टेलरला दोन गोष्टी सांगा. एक, कंपनीची खालची ओरिजनल पट्टी ठेवून जोडा. दुसरं, आत थोडी माया ठेवा. जास्तीची लांबी दीड-दोन इंच असेल तर कापूच नका, दुमडा.

दुमडायची कशी? जाड डेनिम असेल तर एकच घडी, इंच-दीड इंचाची. ते कापड स्वतःच घडी धरून ठेवतं. स्ट्रेच जीन्स पातळ असते, तिची मोठी घडी दुपारपर्यंत सुटते. तिला बारीक दोन घड्या द्या, बोटाच्या रुंदीच्या. उंची कमी असेल तर रुंद घडी टाळा. तिची उलटी फिकट बाजू पायावर आडवा पट्टा पाडते आणि पाय आखूड दिसतो. बारीक घडीनं तसं होत नाही. कोल्हापुरी चप्पल घालत असाल तर घडी घोट्याच्या हाडापाशी थांबवा. चप्पल दिसली पाहिजे, ती लपवायला थोडीच घेतलीय!

काही जीन्सच्या घडीत बाहेरच्या बाजूच्या शिलाईपाशी एक पांढरी कड दिसते, मध्ये लाल दोरा. त्याला सेल्व्हेज म्हणतात. आपल्या भाषेत काठच. धोट्याच्या मागावर विणलेल्या कापडाला दोन्ही बाजूंना पक्का काठ येतो, दोरे सुटत नाहीत. इचलकरंजीचे जुने यंत्रमाग असेच धोट्याचे. अशा मागावरचं डेनिम अरुंद असतं आणि विणायला वेळ लागतो, म्हणून महाग. लोक ती जीन्स दुमडतात ते हा काठ दाखवायला. आपल्या आयाबहिणी साडीचा काठ बघून पारख करतात, त्यातलाच प्रकार.

आणि धुताना घडी उलगडा. हे कुणी करत नाही. घडीत माती, पाचटाचा चुरा, कुसळं साठतात. तशीच मशीनमध्ये टाकली की घडीच्या रेघेवर कापड घासतं, आधी पांढरी रेघ येते, मग तिथंच विरतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हसू नका, नीट ऐका.

घडी म्हणजे पायाभोवती असलेला उघडा खिसा. तो कशात तरी अडकतो आणि त्यात काहीतरी पडतं. आपल्या भागात दोन्हींचा धोका आहे.

पहिला, ट्रॅक्टरचा पीटीओ. रोटाव्हेटरला जोडलेला तो फिरणारा शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला नऊ. कापडाची कड त्यात गुंतली तर "अरे" म्हणायच्या आत पाय ओढला जातो. कडबा कुट्टी, मळणी यंत्र, पट्ट्यावर चालणारं कुठलंही मशीन, सगळ्यांना हेच लागू. तिथं जाताना घडी सोडायची, पँट मोज्यात किंवा गमबुटात खोचायची. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर काढून ठेवलं असेल, तर आधी ते बसवा.

दुसरा, वेल्डिंग. ट्रॉल्यांची कामं करणारी, आयटीआयला जाणारी पोरं हे ऐकत असतील. ठिणगी सरळ पँटवर पडली तर बहुतेक वेळा घसरून खाली जाते. घडीत पडली तर तिथंच बसते आणि हेल्मेट तोंडावर असल्यामुळं तुम्हाला दिसत नाही. माझ्या एका मित्राच्या घोट्याला अजून डाग आहे. धूर दिसला तेव्हा मोजा चिकटला होता. वेल्डिंगला घडी नाही म्हणजे नाही.

आणि बाईक. रुंद सैल घडी किकला, फूटरेस्टला अडकते. सिग्नलला पाय टेकवायला गेलात आणि घडी अडकली तर गाडीसकट आडवे. बाईकवर बारीक आणि घट्ट घडी, नाहीतर सरळ खाली सोडा. पँट इतकीही वर नको की पोटरी सायलेन्सरला लागेल.

बास, एवढंच. शेवटी घरचं सांगतो. परवा दादाचा मुलगा आमच्याकडं आला होता. माझी जुनी जीन्स त्याला हवी होती. कमरेला बसली, खाली चांगली चार बोटं जास्त. मी कात्री शोधायला लागलो तर आई आतून म्हणाली, "ठेव ती. त्याला दुमडून दे." मी खाली बसलो आणि त्याच्या दोन्ही पायांची घडी घालून दिली, सारखी मोजून. पोरगं आरशात बघून म्हणतंय, "काका, भारी दिसतंय की!"

आबा ओट्यावरच होते. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "चाललास का दारं धरायला?"

तुमच्याकडं कुणाची जीन्स कुणाकडं आली, कितीदा दुमडली, आम्हाला आवाजी मेसेज पाठवा. पुढच्या भागात ऐकवू. तोपर्यंत घडी घाला, मशीनजवळ सोडा आणि ऐकत राहा. राम राम!